कुठं निघालासा?

कोल्हापुरात अंतर मिनिटांत सांगतात. त्या मिनिटांवर कुणी विश्वास ठेवू नये. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरापासून कपिलतीर्थ मंडई चालत दहा मिनिटांवर आहे, पण ती वाटेत कुणी भेटलं नाही तर. सासूबाई मेथीची पेंडी आणायला म्हणून नाश्ता उरकून बाहेर पडतात आणि मी कुकर लावायला घेते तेव्हा परततात. उभा मारुती चौकात एक थांबा, पुढं पिठाच्या गिरणीशी दुसरा. हातात पिशवी दिसत असतानाही विचारायचं, "कुठं निघालासा?" उत्तराची कुणाला गरज नसते, पण ते दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. परत येताना पेंडीबरोबर कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हेही घरात येतं. मेथी निवडता निवडता आम्ही ते सगळं निवडतो.

कपिलतीर्थ हे एके काळी तळं होतं. आमच्या जवळचं गांधी मैदानही तसंच, पूर्वीचं वरुणतीर्थ. तळी बुजली, तरी माणसं अजून तिथंच गोळा होतात. तेव्हा पाण्याला जात असतील, आता भाजीला आणि खेळायला जातात.

सासरे नातवाला घेऊन संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातात. म्हैस समोर उभी असते, गवळी धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. पोराला दुधापेक्षा म्हशीत जास्त रस. तरी या फेऱ्यांतून त्याला गल्ल्या पाठ झाल्या. आता तो तालमीपर्यंत एकटा जातो. एकटा म्हणजे आमच्यापुरता एकटा. वाटेतल्या प्रत्येक उंबऱ्याला तो कुणाचा हे ठाऊक आहे. एकदा त्यानं वाटेत गाड्यावर भजी खाल्ली, तर तो घरी पोचायच्या आत समोरच्या मावशी सांगून गेल्या, "रागवू नगंस, भूक लागली असंल. मीच पैसे दिलो." मावशी आमच्याकडं अशाच बोलतात.

आता याची दुसरी बाजू. लहानपणी हे कौतुकाचं वाटतं, कॉलेजात गेल्यावर जाच होतो. रंकाळ्यावर वर्गातल्या मुलाबरोबर भेळ खाणारी मुलगी घराची पायरी चढते, तेव्हा आईला भेळ तिखट होती की गोड इथवर कळलेलं असतं. त्या वयात मला पुण्याला पळून जावंसं वाटायचं. ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

"आमची पेठ लई मायाळू," असं इथं छातीठोकपणे सांगतात. माणसं बरी आहेत, पण मायेचा मक्ता आमच्याकडं नाही. मला वाटतं, निम्मं काम गल्लीची रुंदी करते. दार उघडलं की रस्ता, दाराला दोन पायऱ्या, आणि पायरी म्हणजे बसायची जागा. घराखालीच दुकान, कोपऱ्यावर तालीम. राजारामपुरीसारख्या आखीव भागातही मधून मुख्य रस्ता आणि बाजूंना नंबरांच्या गल्ल्या, त्यामुळं कुठल्याही दारातून निघालं तरी दुकान फार लांब पडत नाही. येता-जाता तोंडं दिसत राहतात आणि एकमेकांना टाळणं अवघड होऊन बसतं.

माझी नणंद याच पेठेत वाढली आणि लग्नानंतर कळंब्याकडं फ्लॅटमध्ये गेली. लिफ्ट आहे, बाग आहे, पाणी वेळेवर येतं. ती सुखात आहे, आणि तिथं रात्री आमच्यापेक्षा शांत झोप लागते. पण कोथिंबीर संपली की तिला गाडी काढावी लागते, आणि हेल्मेट घातलेल्या बाईला कुणी "कुठं निघालासा?" विचारत नाही. बोलकी तर ती आमच्यात सगळ्यांत जास्त. मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं आडनाव मात्र तिला दारावरची पाटी वाचून कळलं.

तालमीचं तर विचारूच नका. बाहेरच्यांना तालीम म्हणजे लाल माती आणि लंगोट. इथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे फुटबॉलचे संघही आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्लीतून माणसं घोळक्यानं चालत निघतात, आजोबा-नातू एकाच बाजूनं ओरडतात. घरात एरवी त्यांचं टीव्हीच्या रिमोटवरूनसुद्धा जमत नाही.

हे आता आक्रसतंय. प्रत्येक दारापुढं दोन-दोन दुचाक्या, त्यामुळं पायऱ्या दिसेनाशा झाल्या. नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्या भाविकांच्या गाड्या पेठेत शिरल्या की पोरांचं क्रिकेट बंद. आणि दोष फक्त पाहुण्यांना कसा द्यायचा? चारचाकी घ्यायचा विषय आमच्याही घरात परवा निघाला. कंपनी ठरली, रंगावर वाद झाला, मग लावायची कुठं हा प्रश्न आला. दारापुढं भिंतीलगत तेवढीच एक जागा आहे. तिथं संध्याकाळी सासूबाई, मावशी आणि पलीकडच्या काकू पोती अंथरून शेंगा फोडत बसतात.

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि यांना म्हणाले, "घे की गाडी. फकस्त त्यांना तिथनं उठवायचं काम तुझं."

गाडीचं माहितीपत्रक अजून फ्रीजवरच आहे.