सेबूचा सिनुलोग: दोन पावले पुढे, एक मागे

वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्समधील सेबू शहरात राहायला गेल्यानंतर पहिल्या जानेवारीत मी सिनुलोग हा बाळ येशूचा सण पाहिला, तो केवळ ढोल, पिसांचे मुकुट आणि पाय ठेवायला जागा नसलेली गर्दी एवढाच. आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही सगळे भाडेकरू ‘नानाय’, म्हणजे आई, म्हणत असू. त्यांनी पुढच्या वर्षी मला सुनावले, की जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मिरवणूक हे सणाचे टोक आहे. मूळ पाहायचे असेल तर नऊ दिवसांच्या नोव्हेनाच्या, म्हणजे सणापूर्वीच्या प्रार्थनांच्या, पहिल्या पहाटे उठावे लागेल.

त्याप्रमाणे पहाटे चारच्या सुमारास आम्ही दोघे फुएन्ते ओस्मेन्या चौकात पोहोचलो. तेथून सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, बॅसिलिका या मोठ्या चर्चपर्यंत जपमाळेची प्रार्थना करत चालत जायचे असते. मी नाशिक रोडचा. आमच्याकडची फेब्रुवारीतली बाळ येशूची यात्रा लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे गर्दीचे भय वाटले नाही, मात्र अंधारात एकाएकी हजारो हात वर होऊन ‘पित सेन्योर!’ असा पुकारा झाला तेव्हा मी दचकलो. हे ‘सांगपित सा सेन्योर’चे संक्षिप्त रूप असून प्रभूला साद घाला असा त्याचा अर्थ आहे, हे नानायनी चालता चालता सांगितले.

बॅसिलिकातील बाळ येशूची मूर्ती सेबूत आली 1521 मध्ये. स्पेनसाठी आलेला दर्यावर्दी मॅगेलन याच्या ताफ्याबरोबरचा वृत्तांतलेखक पिगाफेत्ता याच्या नोंदीनुसार सेबूचा राजा हुमाबोन याच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी ती भेट मिळाली. पुढे दोनच आठवड्यांत माक्तान बेटावरील लढाईत मॅगेलन मारला गेला. 1565 मध्ये लेगास्पीची स्पॅनिश मोहीम आली, तेव्हा जळलेल्या वस्तीतील एका घरात हुआन कामुस या शिपायाला लाकडी पेटीत तीच मूर्ती सापडली. मधल्या 44 वर्षांत लोकांनी तिला आपल्या जुन्या दैवतांसोबत ठेवून तिच्यापुढे नाच चालू ठेवला, असे सेबूत मानतात. आख्यायिका अशी, की हुमाबोनचा सल्लागार बालाधाय आजारी पडला असता त्याला मूर्तीजवळ झोपवले. थोड्या वेळाने पाहतात तो हा नाचतो आहे! माडाचा हीर घेऊन एक खोडकर पोर आपल्याला गुदगुल्या करत होते, असे त्याने सांगितले. त्याचा तो नाच नदीच्या प्रवाहासारखा होता. प्रवाहाला तिथे ‘सुलोग’ म्हणतात आणि सणाचे नाव त्यावरूनच आले. रस्त्यावरची नाचांची मिरवणूक मात्र 1980 पासूनची.

बॅसिलिकापाशी मी चुकीच्या रांगेत उभा राहिलो. तासाभराने कळले, की ती प्रांगणातील मिस्साची, म्हणजे सामूहिक उपासनेची, रांग होती, दर्शनाची नव्हे. नानाय हसल्या आणि मला मेणबत्त्या विकणाऱ्या बायकांकडे घेऊन गेल्या. पिवळ्या-लाल पोशाखातील एका वयस्कर बाईने माझ्याकडून मेणबत्त्या परत आपल्या हातात घेतल्या आणि कोणासाठी मागायचे ते विचारले. मी आईचे नाव सांगितले. तिने त्याचा उच्चार अगदीच बिघडवला, पण डोळे मिटून, मेणबत्त्या हवेत झुलवत, दोन पावले पुढे आणि एक मागे अशी ती सबंध मागणे संपेपर्यंत नाचली. माझ्या मते खरा सिनुलोग हाच. वारीतली पावली पाहिलेल्या माणसाला हा ठेका परका वाटणार नाही, असे समजून मीही पाय टाकून पाहिला, तर दुसऱ्याच पावलाला चुकलो.

मग खऱ्या रांगेत साडेतीन तास गेले. जेमतेम फूटभर उंचीची, राजवेशातली ती मूर्ती काचेआड आहे. लोक काचेला हात लावतात, रुमाल घासतात आणि मागच्याचा धक्का बसण्याआधी पुढे सरकतात. मला मिळाले ते तीन-चार सेकंद.

रविवारी मिरवणूक पाहिली, ती अर्धीच. उन्हाने डोके दुखू लागल्यावर घरी परतलो. त्यानंतरच्या शुक्रवारी मात्र नानाय मला ‘हुबो’ला घेऊन गेल्या. त्या विधीत मूर्तीचा मुकुट, झगा आणि राजचिन्हे एकेक करून उतरवतात, तिला पाण्यात बुडवून काढतात आणि साधे कपडे घालतात. इतके दिवस ‘पित सेन्योर’ म्हणून घसा बसलेल्या नानाय त्या वेळी एक शब्दही बोलल्या नाहीत.