साध्या राखाडी दिवसाचं गाणं

परक्या भाषेतली गाणी घरकामाला बरी पडतात. मराठी गाणं लावून इस्त्री करायला घेतली की हात थांबतो. एखादी ओळ कानात शिरते, तिच्यामागून कॉलेजातलं कुणीतरी आठवतं, आणि तोवर शर्टाला वास सुटलेला असतो. हिंदीचंही तेच. रशियन, पोर्तुगीज, इटालियन गाण्यांचा असा त्रास नाही. शब्द कळत नाहीत, त्यामुळे ते हाक मारत नाहीत. सूर तेवढे खोलीत वावरत राहतात आणि आपण कॉलर, बाह्या, पाठ असे निमूट पुढे सरकत जातो.

हा नियम माझ्यापुरता मोडला तो आना गेर्मान या पोलिश गायिकेने. यादीत कुठूनतरी तिचं गाणं आलं आणि मी इस्त्रीचा प्लग काढून ठेवला. उंच पट्टीतला, स्वच्छ, जराही न खेचलेला आवाज. मुख्य म्हणजे त्या आवाजाला कुठे पोचायची घाई नाही. मग जुन्या चित्रफिती शोधून पाहिल्या. सहा फूट उंचीची बाई, अंगात पायघोळ झगा, हातवारे जवळजवळ नाहीतच, आणि ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू. एखाद्या बेताच्या उंचीच्या गायकाबरोबर युगुलगीत असेल तेव्हा कॅमेरामनची काय तारांबळ उडत असेल, असंही मनात येऊन गेलं.

तिच्याविषयी वाचायला जावं तर मात्र लगेच रुमाल हातात ठेवला जातो. लेख असो, माहितीपट असो, सुरुवात ‘दुर्दैवी’ या विशेषणाने आणि शेवट देवदूताने. मला याचा थोडा राग येतो. दुर्दैव नव्हतं असं नाही, भरपूर होतं. पण गाणं ऐकताना ते कुठेच ऐकू येत नाही, आणि माझ्या मते तिची खरी करामत तीच आहे.

आनाचा जन्म १४ फेब्रुवारी १९३६ चा, पोलंडपासून हजारो किलोमीटर दूर, उझबेकिस्तानातल्या उर्गेंच गावातला. आईचं घराणं मेनोनाइट, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रशियन साम्राज्यात वसलेल्या, मूळच्या हॉलंड-जर्मनीकडच्या ख्रिस्ती पंथाचं. वडील जर्मन वंशाचे, पेशाने हिशेबनीस. १९३७ साली स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडलं आणि पुढच्या वर्षी गोळी घातली. घरच्यांना मात्र कैक वर्षं काहीच कळवलं गेलं नाही. धाकटा भाऊ लहानपणीच आजारात गेला. उरल्या आजी, आई आणि आना. तिघी मध्य आशियात या गावाहून त्या गावाला फिरत राहिल्या. पुढे आईने एका पोलिश सैनिकी अधिकाऱ्याशी लग्न केलं. तो आघाडीवर गेला तो परतला नाही, पण त्याच्या नावामुळे या तिघींना १९४६ साली सोव्हिएत हद्दीबाहेर पडून पोलंडला जाता आलं.

इथे कोल्हापूरकरांना थोडं थांबावंसं वाटेल. सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेले हजारो पोलिश लोक १९४२ साली याच मध्य आशियातून इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांतले सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिले. आना त्यांच्यात नव्हती. असायचं कारणही नव्हतं, कारण तेव्हा ती कागदोपत्री पोलिश नव्हतीच. ज्या देशाने पुढे तिला आपली म्हटलं, त्याची भाषा ती तिकडे गेल्यावर शाळेत शिकली.

पोलंडमध्ये या बायका पोचल्या त्या नोव्हा रूदा या खाणींच्या गावी. हा प्रदेश युद्धापर्यंत जर्मनीचा होता आणि तिथल्या जर्मन लोकांना तेव्हा गाड्यांत बसवून पश्चिमेकडे घालवून देणं चालू होतं. नेमक्या तिथेच घरात जुनी जर्मन बोली बोलणारी एक आजी नातीला घेऊन राहायला आली. या कुटुंबाने आपल्या मुळांबद्दल चारचौघांत मौन का पाळलं, हे वेगळं सांगायला नको. कुणी विचारलंच तर ‘आम्ही मूळचे हॉलंडकडचे’ म्हणायचं. ते अगदीच खोटंही नव्हतं.

पुढे व्रोत्स्वाफ शहर, तिथलं विद्यापीठ आणि विषय भूगर्भशास्त्र. १९६२ साली तिने पदवी घेतली. आपल्याकडे ‘आधी डिग्री हातात पडू दे, मग काय गायचंय ते गा’ म्हणणाऱ्या आया असतात, त्यांचं तिकडे शाखा-कार्यालय असावं. पण गाणं विद्यार्थी रंगमंचावर आधीच सुरू झालं होतं. कातार्झिना गेर्टनेर या तरुण संगीतकाराने बांधलेलं, ग्रीक पुराणकथेतल्या युरिडिसीच्या नावाचं, नाचणाऱ्या युरिडिसींचं एक गाणं तिला मिळालं. त्यावर तिने १९६४ साली ओपोले आणि सोपोत या पोलंडमधल्या दोन्ही संगीत महोत्सवांत बक्षिसं मिळवली, आणि दगडांचा अभ्यास तिथेच राहिला. म्हणजे मला तसं वाटलं होतं. १९७५ साली क्रिमियाच्या वेधशाळेत तमारा स्मिर्नोवा यांना एक लघुग्रह सापडला आणि पुढे त्याला तिचं नाव दिलं गेलं: २५१९ आनागेर्मान. भूगर्भशास्त्रज्ञ बाईंच्या नावाने अखेर एक दगड लागलाच, फक्त तो मंगळ आणि गुरू यांच्या मधे फिरतो.

मग इटली. मिलानच्या एका रेकॉर्ड कंपनीने तिच्याशी करार केला. जानेवारी १९६७ मध्ये ती सान रेमोच्या महोत्सवात गायली, नेपल्सची जुनी गाणी तिने रेकॉर्ड केली. ही नेपल्सची गाणी म्हणजे इटालियनांचं अगदी आतलं दुखणं. त्यांना ती आपल्याशिवाय कुणी गावी असं वाटत नाही. उझबेकिस्तानात जन्मलेली ही उंच पोलिश बाई ती गाते तेव्हा त्यातला रस्त्यावरचा रांगडेपणा थोडा धुतला जातो, हे खरं. मला चालतं. नेपल्सच्या माणसाला विचारू नका.

२७ ऑगस्ट १९६७. कार्यक्रम आटोपून फोर्लीहून मिलानकडे रात्रीचा मोटारप्रवास. गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागला. आना गाडीतून लांब फेकली गेली. एकोणपन्नास ठिकाणी हाडं मोडली, असा आकडा सगळीकडे दिला जातो. कित्येक दिवस तिला शुद्ध नव्हती. पोलंडहून आई आली आणि झ्बिग्न्येव तुखोल्स्की आला.

या तुखोल्स्कीबद्दल मला फार जिव्हाळा आहे. पेशाने इंजिनिअर. दोघांची ओळख १९६० च्या सुमारास व्रोत्स्वाफला पोहण्याच्या जागी झाली. त्याने म्हणे पाण्यात उतरताना या अनोळखी मुलीला आपल्या सामानाकडे जरा लक्ष ठेवायला सांगितलं होतं. एसटी स्टँडवर आपण रोज कुणाला ना कुणाला जे सांगतो, तेच. तेव्हा तिचं नाव झालं नव्हतं. नाव झालं, इटली झाली, आणि अंगभर प्लॅस्टरमध्ये अडकलेली ती परत आली, तेव्हाही तो तिथेच होता.

प्लॅस्टर मानेपासून पायापर्यंत, आणि तेही महिनोन्‌महिने. त्यानंतर बसायला शिकायचं, उभं राहायला शिकायचं, चालायला शिकायचं. चरित्रकार या काळात ‘झुंज’ वगैरे शब्द वापरतात. पण असं अंथरुण ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असतं, त्यात झुंजीपेक्षा कंटाळा जास्त असतो. छत तेच, घड्याळ तेच, विचारपूस करणाऱ्यांचे प्रश्न तेच. या दिवसांत तिने दोन गोष्टी केल्या. इटलीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. ‘सोरेंतोला परत ये’ अशी विनवणी करणारं नेपल्सचं जे जगप्रसिद्ध गाणं आहे, त्याच ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकून तिने पुस्तकाला नाव दिलं. एवढं मोडून आलेल्या माणसाची ही चेष्टा मला फार आवडते. परत ये म्हणताय? बघू.

दुसरी गोष्ट म्हणजे तिने चाली बांधल्या. त्यातल्या एका चालीवर आलिना नोवाक यांनी शब्द लिहिले. पोलिशमध्ये त्या गाण्याचं नाव ‘च्वोव्येची लॉस’, माणसाचं नशीब. नाव ऐकून वाटतं, आता तरी व्हायोलिनं धाय मोकलून रडणार. तसं काही होत नाही. गाणं म्हणतं की माणसाचं नशीब ही काही परीकथा नाही आणि स्वप्नही नाही, तो एक साधा राखाडी दिवस आहे. पुढे आयुष्यातल्या कष्टांचा उल्लेख येतो, हसत राहा असंही येतं, पण चाल त्यासाठी आवाज चढवत नाही. शेजारीण जिन्यात भेटून दोन शब्द बोलून जावी, तशी ती जाते. मी हे गाणं कित्येकदा ऐकल्यावर मग अर्थ शोधला, आणि अर्थ कळल्यावर ते मला जास्त आवडलं. याच्या उलट अनुभव पुष्कळदा येतो, म्हणून मुद्दाम नोंदवते.

१९७० साली ती मंचावर परतली आणि हे गाणं पोलंडभर झालं. अपघाताच्या आधीचं गाणं आणि हे, दोन्ही लागोपाठ ऐकावीत. आधीच्या गाण्यात आवाज मोठ्या उड्या मारतो, आपल्याला काय काय येतं ते दाखवतो. तेही सुंदरच आहे. नंतरच्या गाण्यांत दाखवणं संपलेलं आहे. जाणकार पहिलं श्रेष्ठ म्हणतात, मला दुसरं लागतं.

तिचे सर्वांत मोठे चाहते पुढे पोलंडपेक्षा सोव्हिएत संघात निघाले. ज्या राजवटीने बापाला गोळी घातली, तिथल्याच सभागृहांत ही फुलांच्या ढिगाऱ्यात उभी राहून गायची. मॉस्कोच्या ‘मेलोदिया’ कंपनीत आना काचालिना नावाची संपादिका होती. ती हिच्यासाठी गाणी शोधून ठेवायची. दोघींची मैत्री अखेरपर्यंत टिकली. अलेक्सांद्रा पाख्मुतोवा यांच्या संगीतातलं ‘नदेझ्दा’, म्हणजे आशा, इतरांनी आधी गायलेलं होतं. १९७४ मध्ये आनाने ते रेकॉर्ड केलं आणि त्यानंतर ते तिचंच झालं. रशियन माणसं आजही ते एकत्र बसून गातात, पाठ असल्यासारखं, आपल्याकडे सहलीच्या बसमध्ये जसं एकाने सुरू केलं की मागच्या सीटपर्यंत पोचतं तसं. पोलिश टीकाकारांना मात्र हे सारं जरा जुन्या वळणाचं वाटत राहिलं. बाजूच्या जगात गिटारी कडकडत होत्या आणि ही आपली पायघोळ झग्यात शांत उभी.

१९७२ साली तिने तुखोल्स्कीशी लग्न केलं, १९७५ मध्ये मुलगा झाला. पुढची काही वर्षं दौरे, घर, मूल. मग कर्करोग. शेवटच्या काळात तिने बायबलमधल्या स्तोत्रांना चाली लावल्या आणि त्या घरीच टेपरेकॉर्डरवर गाऊन ठेवल्या. त्यात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्रही आहे. २५ ऑगस्ट १९८२ ला वॉर्सोत ती गेली. वय शेहेचाळीस.

२०१२ साली तिच्यावर दहा भागांची मालिका निघाली. तीत योआन्ना मोरो या अभिनेत्रीने तिचं काम केलं. रशियात ती गाजली, पुढच्या वर्षी पोलंडमध्येही लाखो लोकांनी पाहिली, आणि ज्यांच्या आईवडिलांनी हिला जुनाट म्हणून बाजूला ठेवलं होतं ती तरुण मंडळी तिच्या तबकड्या शोधू लागली. मालिकेचं रशियन नाव पांढऱ्या देवदूताच्या रहस्यावर बेतलेलं होतं, म्हणजे पुन्हा देवदूत आलाच. तिचा मुलगा मोठेपणी रेल्वेच्या इतिहासाचा अभ्यासक झाला, वाफेची इंजिनं आणि रूळ यांत रमणारा. मालिकावाल्यांना अशा गोष्टींचं काय करावं ते समजत नाही, त्यात रुमाल लागत नाही ना. मला विचाराल तर एक अख्खा भाग इंजिनांना द्यायला हरकत नव्हती.