गोव्यातल्या गावातून केटामाइन उपचार: फोनवर काय उरकतं, रुग्णालयात काय

केटामाइन हे मुळात भुलीचं औषध, आता हट्टी नैराश्यावरही दिलं जातं; पण व्हिडिओ कॉलवर ते लिहून देणं भारतात बंद आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा किंवा काणकोणातून नैराश्यावरच्या या उपचाराची चौकशी करणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं, कारण इंटरनेटवर वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथे कोविडच्या काळात रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता नियंत्रित औषधं लिहून देण्याची सवलत मिळाली आणि ती वारंवार वाढवली गेली. त्या जोरावर तोंडात विरघळणाऱ्या केटामाइनच्या गोळ्या घरपोच पाठवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्याच एफडीएने, म्हणजे औषध नियामक संस्थेने, अशा खास बनवून दिलेल्या केटामाइनबद्दल इशारा दिला. घरी, देखरेखीविना घेतल्यास गाढ गुंगी येणं, रक्तदाब चढणं, श्वास मंदावणं हे धोके त्यात सांगितले आहेत.

आपल्याकडचा नियम स्पष्ट आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत औषधांच्या याद्या दिल्या आहेत आणि त्यांत एक निषिद्ध यादी आहे. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालच्या औषधांची सरकारी यादी) आणि एनडीपीएस कायद्याखालची (अमली पदार्थविरोधी कायदा) औषधं कॉलवर लिहून देता येत नाहीत. केटामाइन २०११ मध्ये एनडीपीएसच्या यादीत गेलं आणि २०१३ मध्ये शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे ते दोन्ही बाजूंनी अडतं. शेड्यूल एक्सच्या औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत फार्मसीला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. तेव्हा ‘ऑनलाइन सल्ला, केटामाइन घरपोच’ असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबावं. गोव्यात हे औषध पार्ट्यांमध्येही फिरतं. अशा वाटेने आलेल्या पुडीत काय आहे, किती आहे हे कोणी सांगू शकत नाही, आणि ती जवळ सापडली तर रुग्णावरही गुन्हा दाखल होतो.

तरीही टेलिहेल्थचा, म्हणजे फोन-व्हिडिओवरून होणाऱ्या उपचाराचा, उपयोग मोठा आहे. औषध शिरेतून जातं ती वेळ सोडली तर आधीचं आणि नंतरचं बरंचसं काम कॉलवर होतं. ते नीट झालं तर बांबोळीच्या रुग्णालयाची फेरी फुकट जात नाही.

केटामाइन हा पहिला उपाय नव्हे. निदान दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे घेऊनही फरक पडला नसेल, तर त्याचा विचार होतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ‘गोळ्या लागू पडल्या नाहीत’ असं सांगणाऱ्याने अनेकदा तिसऱ्या आठवड्यातच गोळी बंद केलेली असते, किंवा सुरुवातीची छोटी मात्रा कधी वाढवलेलीच नसते. म्हणून मानसोपचार डॉक्टरांशी होणाऱ्या पहिल्या कॉलआधी एका कागदावर लिहून काढा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, का थांबवलं. नावं आठवत नसतील तर जुन्या चिठ्ठ्या, फार्मसीची बिलं, अर्धवट संपलेल्या स्ट्रिपा शोधून त्यांचे फोटो काढून ठेवा. हा एक कागद डॉक्टरांचा अर्धा तास वाचवतो. पुष्कळदा असंही निघतं की एस्सिटालोप्रामसारखी साधी गोळीच नीट चढवून पाहायची राहिली आहे. ती कॉलवर लिहून देता येते, आणि मग केटामाइनची गरजच उरत नाही.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आठवडाभराचा सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब लिहा. घरी यंत्र नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात मोजून मिळतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ च्या तपासण्या तालुक्यातच करून घ्या, कारण थायरॉइडचा बिघाड किंवा रक्ताची कमतरता नैराश्यासारखी दिसू शकते. दारू किती पिता ते खरं सांगा. आयुष्यात कधी झोप न लागता दिवसेंदिवस भलताच उत्साह, उधळपट्टी, बडबड असं झालं असेल तर तेही सांगा, कारण ते द्विध्रुवी (बायपोलर) आजाराचं लक्षण असू शकतं आणि मग सगळा बेत बदलतो. नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दर कॉलच्या आदल्या दिवशी भरा. तिचे गुण ० ते २७ असतात, आणि पुढे उपचार लागू पडतोय की नाही हे त्या आकड्यांवरूनच कळतं. पहिला कॉल व्हिडिओवरच ठेवा. घरात नेटवर्क नसेल किंवा शेजारी ऐकतील अशी भीती असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या विश्वासाच्या माणसाकडे बसून बोला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तो आहे ना हे बघायला विसरू नका.

कोणाला विचारावं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि बोलायला पैसे लागत नाहीत. जीव द्यावासा वाटत असेल तर केटामाइनची वाट पाहत बसू नका. लगेच १४४१६ ला फोन करा, नाहीतर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. बांबोळीला मानसोपचारासाठी आयपीएचबी हे सरकारी रुग्णालय आहे आणि गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) हेही तिथेच. खाजगी ठिकाण शोधताना एक खूण उपयोगी पडते: जिथे ईसीटी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार) नियमित दिली जाते तिथे भूलतज्ज्ञ असतोच, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्याला बंदी आहे. केटामाइन हे भूलतज्ज्ञाचं रोजच्या वापरातलं औषध आहे. तेव्हा फोनवरच विचारा: सत्राच्या वेळी भूलतज्ज्ञ असतो का, मॉनिटर आणि ऑक्सिजन खोलीतच असतो का, किती सत्रं, दर सत्राचा खर्च किती, लेखी संमती घेतात का. नैराश्यासाठी शिरेतून दिलं जाणारं केटामाइन हा औषधाच्या मंजूर उपयोगाबाहेरचा वापर आहे. हे संमतीच्या वेळी न सांगणारं ठिकाण टाळावं. विम्याची कंपनी याच मुद्द्यावर हरकत काढू शकते, म्हणून मंजुरी आधी लेखी घ्या.

प्रत्यक्ष सत्रात काय होतं? नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत शिरेतून. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या बाटलीतून ते फक्त ०.६ मिलिलिटर होतं, आणि ते १०० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून सोडतात. पूर्ण भुलीसाठी याच औषधाची मात्रा दुप्पट-चौपट असते आणि ती मिनिटभरात देतात. मोजमापात एका दशांश चिन्हाची चूक झाली तरी काय होईल, हे यावरून समजावं. घरी हे का करायचं नाही याचं कारणही हेच. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात रक्तदाब चढतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी मोजतात. शरीर आपलं नाही असं वाटणं, आवाज लांबून येणं, मळमळ हे बहुतेकांना होतं आणि सलाइन थांबल्यावर तासाभरात ओसरतं. आधी सांगून ठेवलं असेल तर माणूस घाबरत नाही. रक्तदाब ताब्यात नसेल, रक्तवाहिनीला फुगा असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, भास होत असतील किंवा बाई गरोदर असेल तर सहसा देत नाहीत.

भास-भ्रमासह असलेल्या नैराश्यात ईसीटी पुढे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात केटामाइन घेणाऱ्या ५५ टक्के रुग्णांना आणि ईसीटी घेणाऱ्या ४१ टक्के रुग्णांना गुण आला, पण भास-भ्रमाचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. तो आकडा सगळ्यांना लावू नये.

आता प्रवासाचं. काणकोणातल्या चावडीहून बांबोळी साठ किलोमीटरहून जास्त आहे, आणि एकदा जाऊन भागत नाही. पहिला टप्पा साधारण सहा सत्रांचा, दोन-तीन आठवड्यांत पसरलेला. त्यामुळे चवथीच्या किंवा शिगम्याच्या सणाच्या दिवसांत सुरुवात करू नका, एक सत्र चुकलं की घडी विस्कटते. घन पदार्थ सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करायला सांगतात. सकाळी पाव-भाजी खाऊन निघालेल्या माणसाला तसंच परत पाठवतात. रक्तदाबाची रोजची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशी फोनवर विचारा. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी रोज चालू असेल तर सांगा. तिने केटामाइनचा परिणाम कमी होऊ शकतो, पण ती स्वतःहून एकदम बंद करू नये, त्याने फिट येऊ शकते.

सोबत माणूस हवाच. सत्रानंतर निदान दोन तास थांबवतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी चालवायला मनाई असते. स्कूटर नाही, आणि पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीच्या) मागे बसूनही नाही, तोल जातो. कदंबच्या बसमध्ये गर्दीत उभं राहून यायची वेळ येऊ नये म्हणून सकाळचं पहिलं सत्र मागून घ्या. वाळपईच्या आतल्या गावांना संध्याकाळनंतर बस मिळणं कठीण असतं.

फरक पडायचा तर बहुतेकदा एका दिवसात जाणवतो, पण एका सत्राचा परिणाम आठवडा-दोन आठवड्यांत विरतो. सहा सत्रं त्यासाठीच असतात. पुढचा कॉल प्रत्येक सत्राच्या दुसऱ्या दिवशी ठेवावा: पीएचक्यूचे गुण, झोप, रक्तदाब, आणि घरच्या माणसाला काय दिसलं ते. रोजच्या गोळ्या चालूच राहतात. त्यांचं पुढचं प्रिस्क्रिप्शन कॉलवर मिळतं, समुपदेशनही कॉलवर होतं. सहा सत्रांनंतरही पीएचक्यूचे गुण खाली आले नसतील तर पुढे ओढत नेऊ नये. फरक पडला आणि महिन्या-पंधरवड्याने आणखी सत्रं ठरली, तर लघवीला वारंवार जावं लागणं, जळजळ, लघवीत रक्त यांकडे लक्ष ठेवा. केटामाइन दीर्घकाळ घेतल्याने मूत्राशयाला इजा होते, आणि ही तक्रार रुग्ण लाजून मानसोपचार डॉक्टरांना सांगत नाहीत. दर कॉलला घरच्यांनीच ती आठवणीने काढावी.