मे महिन्यात थर्मल

बडोद्यात पारा 42 वर, आणि मी मंगळबाजारात थर्मल मागतोय. दुकानदार मान वर न करताच म्हणाला, "अत्यारे? दिवाळी पछी आवजो!"

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडला स्कापा फ्लो नावाच्या खाडीत डाइव्ह करायचंय. 1919 साली जर्मनांनी स्वतःच बुडवलेली लढाऊ जहाजं आहेत तिथे. पाणी साधारण 13 अंश. ड्रायसूट भाड्याने मिळतोय, पण पातळ कापडाचा. तो पाणी बाहेर ठेवतो, ऊब देत नाही. ऊब असते ती आतल्या कपड्यांत अडकलेल्या हवेची. म्हणून अंगालगत पातळ मेरिनो लोकर, वर मध्यम फ्लीस. फार जाड घेतलं की हवा जास्त, मग बुडायला अंगावर शिशाची वजनंही जास्त. आमचं पोट आधीच तरंगतंय!

आई म्हणते, "सुती गंजीफ्रॉक घाल, घाम टिपतो." तोच तर घोळ. टिपतो आणि ओलाच राहतो.

शेवटी दुकानाच्या माळ्यावरून एक खोकं निघालं. लेबल वाचलं, 60 टक्के कापूस. परत दिलं.

घरी येऊन ट्रेकचं जुनं मेरिनो चढवलं, पंखा पाचवर ठेवून उठाबशा काढल्या, हात डोक्यामागे नेऊन बघितले. कंबर उघडी पडत नाही. दारात आई, हातात पन्ह्याचा पेला, चेहऱ्यावर काळजी.