तुम्ही विचारलंत म्हणून: येशूची सुवार्ता न पोचलेले लोक अजून उरलेत कुठे?

हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, की चर्च जगभर आहेत, बायबल मोबाइलवर फुकट मिळतं, मग आता सांगायचं राहिलंय कोणाला? खरं सांगू, आधी मीपण मिशन म्हणजे नकाशातले देश रंगवत जायचं असंच समजायचे, हा झाला, तो झाला.

घोळ 'राष्ट्र' या शब्दाने होतो. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २८ व्या अध्यायात 'सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा' येतं तिथे ग्रीकमध्ये 'एथ्ने' आहे, म्हणजे पासपोर्टवाला देश नाही तर लोकसमूह, ज्याची भाषा, सोयरीक, आपलं-परकं सगळं वेगळं. १९७४ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला झालेल्या सुवार्ताप्रसाराच्या जागतिक परिषदेत अमेरिकन मिशन-अभ्यासक राल्फ विंटर यांनी हेच लावून धरलं, देशात चर्च असलं म्हणून त्याच देशातल्या दुसऱ्या समूहाला ते आपलं वाटतंच असं नाही. शोमरोनी लोकांचा प्रदेश तर यहूद्यांना लागूनच होता की! तरी दोघांत संबंध नव्हते, म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायातली शोमरोनी बाई येशूने, एका यहूद्याने, नुसतं पाणी मागितलं तरी चकित होते.

हल्ली समूहात इव्हँजेलिकल (सुवार्ता सांगण्यावर भर देणारे ख्रिस्ती) २ टक्क्यांहून कमी असले की त्याला 'अनरीच्ड', म्हणजे सुवार्ता न पोचलेला, धरतात. (मला हे फारसं पटत नाही, १.९ वाले अंधारात आणि २.१ वाले उजेडात असं थोडंच असतं, पण कुठेतरी रेघ मारली नाही तर माणसं आणि पैसा जिथे चर्च आहे तिथेच जात राहतात.)

आणि मोबाइलचं म्हणाल तर बायबल आहे, पण कोणाच्या भाषेत? जगात ७००० च्या आसपास भाषा, पूर्ण बायबल त्यातल्या साडेसातशेच्या थोड्या वर भाषांत. बरं, भाषांतर झालं म्हणजे झालं असंही नाही. जॉन एलियट या इंग्रज मिशनऱ्याने १६६३ मध्ये अमेरिकेत छापलेलं बायबल इंग्रजीत नव्हतं, तिथल्या मूळनिवासींच्या मॅसॅच्युसेट भाषेत होतं, छपाईचे खिळे जुळवायलाही जेम्स प्रिंटर नावाचा मूळनिवासीच होता. पण याच एलियटने ख्रिस्ती झालेल्यांना वेगळ्या गावांत वसवून केस, कपडे, राहणी सगळं इंग्रजांसारखं करायला लावलं, म्हणजे देव तुमच्या भाषेत बोलेल पण तुम्ही आमच्यासारखे व्हा. माझ्या मते अर्धा दरवाजा उघडून पुन्हा लावून घेतला. पुढे ती भाषा बोलणारंच कोणी उरलं नाही, शंभराहून जास्त वर्षं, आणि १९९० च्या दशकात वंशजांनी ती परत बोलती करायला घेतली तेव्हा शब्द शोधायला एलियटचं तेच बायबल उघडलं.