बेकनट्री : विटांच्या रुळांवरून पायी

लंडनच्या पूर्व टोकाची बेकनट्री वसाहत बघायला जाणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं : इथे तिकीट काढून बघायचं असं काही नाही. दुमजली विटांच्या घरांच्या रांगा, बस्स. पण १९२१ ते १९३५ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने (तेव्हाची लंडनची स्थानिक सत्ता) भाजीमळ्यांच्या जमिनीवर अशी सुमारे २६,००० घरं उभी केली आणि लाखावर माणसं वसवली. मुंबईतल्या बीडीडी चाळीही त्याच दशकातल्या; इथे मात्र घरात संडास, आंघोळीचा टब आणि पुढे-मागे बाग.

सुरुवात चॅडवेल हीथ स्टेशनपासून करा (एलिझाबेथ लाइन, झोन ५) आणि व्हॅलेन्स अव्हेन्यूने दक्षिणेला चाला. रस्ता गरजेपेक्षा रुंद वाटतो, कारण बांधकामाची तात्पुरती रेल्वे इथूनच जायची. कंत्राटदार सी. जे. विल्स अँड सन्स यांनी गुडमेझच्या यार्डापासून थेट थेम्सवरच्या धक्क्यापर्यंत ती टाकली होती. विटांची सोय आधी झाली, माणसांची नंतर : डिस्ट्रिक्ट लाइनच्या (लंडनच्या मेट्रोची एक शाखा) विजेच्या गाड्या इथे १९३२ मध्ये आल्या, फोर्डचा कारखाना १९३१ मध्ये. तोवर बहुतेकांना कामासाठी लांब जावं लागे. भाडंही हातावर पोट असणाऱ्यांना झेपणारं नव्हतं. गरिबांची वसाहत हा समज चुकीचाच.

वाटेत चिटीज लेन बघा, पहिल्या घरांपैकी काही तिथली. घरं ओळखायची खूण म्हणजे पुढचं प्रिव्हेट या झुडपाचं कुंपण. ते कापून नीट ठेवणं भाडेकरूंना बंधनकारक होतं. १९८० च्या कायद्याने घर विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि एकसारखेपणा गेला : एकाच रांगेत एका घराला दगडी मुलामा, शेजारी नवा पोर्च, तिसऱ्याची वीट जशीच्या तशी. फोटो काढाच, फक्त लोकांच्या खिडक्यांत कॅमेरा खुपसू नका.

फसगत होते ती 'बँजो'मध्ये. टोकाला गोल अंगण असलेल्या आंधळ्या गल्लीला इथले लोक बँजो म्हणतात. नकाशावर जवळची वाट वाटते, पण आत शिरलं की उलट फिरावं लागतं. मोठे रस्ते सोडू नका.

व्हॅलेन्स हाउस हे जुनं जमीनदारी घर आता बरोचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, संग्रहालय आहे. प्रवेश मोफत, पण रोज उघडं नसतं. वार बघून निघा. स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्या, पुढे पार्सलोज पार्क ओलांडून बेकनट्री स्टेशनपर्यंत सोय कमी. एकूण चाल पाच-सहा किलोमीटर. शनिवार-रविवारी डिस्ट्रिक्ट लाइन दुरुस्तीसाठी बंद असू शकते, तेव्हा परतीची गाडी आधी तपासा.