आमची वाटचाल : झेरॉक्सच्या गाळ्यातून प्रवेशाच्या नियोजनाकडे

जळगावच्या नव्या बस स्थानकापासून पायी येता येईल अशा एका गाळ्यात आमचे प्रवेश मार्गदर्शन केंद्र चालते. आज येथे आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पुढील प्रवेशाचे नियोजन केले जाते. परंतु सुरुवात झाली ती झेरॉक्स काढून देणे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणे या व्यवसायातून. अभियांत्रिकीचे प्रवेश ऑनलाइन झाले, तेव्हा चोपडा, यावल, रावेर, एरंडोल, पारोळा या भागांतून सकाळच्या बसने पालक मुलांना घेऊन येत, दुपारपर्यंत रांगेत थांबत आणि फॉर्मची छापील प्रत घेऊन परत जात. दर फॉर्ममागे ठरलेला आकार घ्यायचा आणि पुढच्या माणसाला बोलवायचे, इतकेच आमचे काम होते.

हे काम करताना एक गोष्ट सतत नजरेस येत असे. सीईटीचे गुण जवळपास सारखे असलेल्या दोन मुलांपैकी एकाला शासकीय महाविद्यालय मिळे आणि दुसऱ्याला दूरच्या खासगी महाविद्यालयात पूर्ण शुल्क भरावे लागे. फरक अभ्यासाचा नसून कागदपत्रांचा आणि पसंतीक्रमाचा असे, आणि तो दुरुस्त करण्याची वेळ जूनमध्ये निघून गेलेली असे. निवृत्त झालेले कनिष्ठ महाविद्यालयातील गणिताचे एक शिक्षक आमच्याकडे नातवाचा फॉर्म भरण्यास आले होते. त्यांनी हीच गोष्ट आमच्याहून नेमक्या शब्दांत मांडली आणि पुढे ते आमचे भागीदार झाले. केंद्रात त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. प्रवेशाचे काम निकालानंतर सुरू होत नाही, ते दहावीच्या आधी सुरू होते, या एका विचारावर आमचा पुढचा सगळा व्यवसाय उभा आहे.

पसंतीक्रमाचे उदाहरण घेऊ. कॅप राउंडच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील फेरीच्या, वाटपात आधी गुणवत्ता क्रमांक पाहिला जातो आणि मग त्या विद्यार्थ्याची यादी वरून खाली तपासली जाते. त्यामुळे ‘मिळणारच नाही’ असे वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या महाविद्यालयावरील हक्क जात नाही. हे पटवून देण्यात आमचा पुष्कळ वेळ जातो, कारण गावातल्या कोणीतरी मागील वर्षी भरलेली यादी जशीच्या तशी उतरवून आणण्याची सवय फार जुनी आहे. मात्र २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक ठरले. तेव्हापासून यादीतील वरच्या सहा ओळींवर सर एकेका विद्यार्थ्याशी तासभर बोलतात. शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागांसाठी त्याच शाखेचा ‘टी’ अक्षराने संपणारा निराळा कोड भरावा लागतो. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेला आणि चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी केवळ हा कोड भरला नाही म्हणून पूर्ण शिक्षण शुल्क भरत राहतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

दुसरा प्रश्न बारावी कोठून करावी हा आहे, आणि खानदेशात तो फारसा विचार न करता सोडवला जातो. दहावीनंतर मुलाला लातूरला, नाशिकला किंवा पुण्याला पाठवण्याचा निर्णय क्लासची जाहिरात पाहून होतो. पण दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेल्या विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ बारावी जेथून झाली त्यावरून ठरते, आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, स्वायत्त नसलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. लातूरहून बारावी केलेला जामनेरचा मुलगा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत परत येऊ पाहतो, तेव्हा तो आपल्याच जिल्ह्यात उरलेल्या ३० टक्क्यांतला उमेदवार ठरतो. स्वायत्त महाविद्यालयांत ही विभागणी नसते आणि पुण्यातील अनेक नामांकित महाविद्यालये आता स्वायत्त असल्याने, या एका कारणासाठी पुण्याला बारावी करण्यात पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो. क्लासचालकांना हे आवडत नाही.

सुरतेतील खानदेशी कुटुंबांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. धुळे आणि नंदुरबारकडचे असंख्य लोक तेथे कामाला आहेत. घर, शेत, मतदान गावाकडे आणि मुलांची शाळा सुरतेत. अशा मुलांना वडिलांच्या महाराष्ट्रातील अधिवास प्रमाणपत्राच्या आधारे अभियांत्रिकीसाठी ‘बी’ प्रकारातून अर्ज करता येतो. वैद्यकीयच्या राज्य कोट्याला मात्र दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असण्याची अट आहे आणि अपवाद थोडे आहेत. म्हणून डॉक्टर व्हायचे असलेले मूल आठवीत असतानाच सुरतेच्या पालकांनी आमच्याशी बोलावे, असा आमचा आग्रह असतो.

जातवैधता प्रमाणपत्र हा तर आमच्या कामाचा सर्वांत मोठा भाग झाला आहे. अमळनेर तालुक्यातील एक शेतकरी दादा आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच मुलीबद्दल अहिराणीत म्हणाले, “आंडेरले डॉक्टर करनं शे, आते काय काय कागद लागतीन?” मुलगी नववीत होती, म्हणजे वेळ हाताशी होता. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा पाहिला जातो, परंतु आजोबा शाळेतच गेलेले नव्हते. चुलत आजोबांचे नाव गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडले. त्यापलीकडचा दुवा तहसीलच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, होता. ते पान पिवळे पडलेले, कडा उंदरांनी खाल्लेल्या, जिल्ह्याच्या जागी ‘पूर्व खानदेश’ आणि जन्माची नोंद मोडीत. मोडी वाचणारी माणसे आता शोधावी लागतात. त्या नोंदीतले पणजोबांचे नाव आणि वंशावळीतले नाव जुळते हे सिद्ध होईपर्यंत दादांची एक कापसाची वेचणी आटोपली होती. अकरावीत महाविद्यालयामार्फत अर्ज दाखल झाला तेव्हा फाइल पूर्ण होती. नीटचा निकाल लागल्यावर हेच कागद शोधायला निघालेल्या कुटुंबांची अवस्था आम्ही दर वर्षी पाहतो, म्हणून नववीच्या पालकांना आम्ही प्रथम आजोबांच्या शाळेचे नाव विचारतो. त्यांना ते विचित्र वाटते.

नॉन क्रिमिलेयर, म्हणजे मागास वर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, याबाबतही गैरसमज खोलवर आहेत. रावेर-यावलकडील केळी बागायतदार आपले उत्पन्न जास्त म्हणून अर्जच करत नाहीत. वास्तविक या प्रमाणपत्रासाठी शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न मोजले जात नाही. बागायती जमिनीच्या क्षेत्राची कसोटी वेगळी आहे आणि ती आम्ही सातबारा पाहून तपासतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राला मात्र सर्व मार्गांचे उत्पन्न धरतात आणि केंद्र सरकारच्या प्रमाणपत्रासाठी पाच एकरांची मर्यादाही असते. दोन्ही प्रमाणपत्रांचे नियम एकच समजून गावोगावी सल्ले दिले जातात, हे आमच्या व्यवसायाला पोषक असले तरी विद्यार्थ्यांना मारक आहे.

पैशांविषयीही लिहायला हवे. आमचे शुल्क पालकांकडून येते आणि त्याची पावती दिली जाते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातील एका खासगी महाविद्यालयाचा प्रतिनिधी मिठाईचा पुडा घेऊन आला होता. प्रत्येक प्रवेशामागे रोख रक्कम देण्याची त्याची तयारी होती आणि त्या हंगामात गाळ्याचे भाडे थकलेले असल्याने घरात चर्चाही झाली. सर एवढेच म्हणाले, की मग पसंतीक्रम आपण ठरवायचा की त्यांनी? तो पुडा परत गेला. या प्रश्नाला आता आणखी एक बाजू आली आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, परंतु व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. दलालामार्फत घाईने ‘सीट पक्की’ करणारा बाप मुलीचा हा हक्क स्वतःच्या हाताने घालवतो.

वैद्यकीय प्रवेशाचे चित्र खानदेशापुरते सुधारले आहे. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने; जळगावचे २०१८ मध्ये आणि नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. २०२० मध्येच वैद्यकीयच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी ठेवणारा प्रादेशिक ७०:३० कोटाही रद्द झाला, त्यामुळे मराठवाड्यातील जागांचाही विचार आमच्या मुलांना बरोबरीने करता येतो.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेशही संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आणि दहा पसंतीक्रमांचा फॉर्म खेड्यातल्या मुलालाही भरावा लागू लागला. त्यामुळे आमचा हंगाम आता दहावीच्या निकालापासून सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर आणि आमच्या दोन सहकारी ताई मागणी असलेल्या शाळांत जाऊन नववी-दहावीच्या पालकांची बैठक घेतात; या बैठकीचे शुल्क आम्ही घेत नाही, फक्त पालकांनी येताना शाळा सोडल्याचे दाखले, सातबारा आणि घरात असतील तेवढे जुने कागद पिशवीत घालून आणावेत, अशी सूचना मुख्याध्यापकांकडे आधीच पाठवतो. शहादा आणि तळोदा भागातील शाळांकडून विचारणा होत आहे. तेथे अनुसूचित जमातीच्या वैधतेची प्रकरणे संख्येने अधिक आणि जास्त किचकट असतात, म्हणून ते काम जाणणारा स्थानिक सहकारी मिळाल्यावरच तिकडे बैठका सुरू करण्याचे आम्ही ठरवले आहे.